अप्पाकाका आणि एक्याऐंशी दिवे

अप्पाकाका कुठल्याही घरी पहिल्यांदा गेले की लगेच खुर्चीवर बसत नाहीत. आधी तिची पाठ धरून तिला दोन्ही बाजूंना हलवून बघतात. मग सीटवर तळवे टेकून जोर देतात, कान जवळ नेऊन ती कुरकुरते का ते ऐकतात आणि मगच यजमानाकडे वळून म्हणतात, ‘‘हं. चालेल.’’ यजमान बिचारा तोवर पाण्याचा ट्रे हातात घेऊन उभाच असतो. लखनौची माणसं सभ्य, म्हणून कोणी काही बोलत नाही. आमच्या कोल्हापुरात एव्हाना कोणीतरी म्हणालं असतं, ‘‘बसा हो, विकत घ्यायची नाही तुम्हाला.’’

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सगळी नोकरी रेल्वेच्या संशोधनात, मानक नगरच्या कॉलनीत गेली. नवा डबा आला, नवा ब्रेक आला, की तो रुळावर पळवून बघायचा, मोडतो का ते पाहायचं आणि नाही मोडला तर थोडं वाईट वाटून घ्यायचं, असं त्यांचं काम. निवृत्त होऊन वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर बांधलं, पण काम काही सुटलं नाही. डबे गेले, घरातल्या वस्तू आणि माणसं राहिली. ‘‘कागदावर सगळ्याच गाड्या धावतात,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यापाठोपाठ प्रश्न, ‘‘ट्रायल झाली का?’’

बँकेनं माझी बदली लखनौला केली, तेव्हा पहिल्याच रविवारी काका मला चौक बाजारात चिकनकारीचं भरतकाम असलेला कुर्ता घ्यायला घेऊन गेले. दुकानदारानं मोठ्या अदबीनं पांढराशुभ्र कुर्ता उलगडला. काकांनी एक बाही माझ्या हातात दिली, दुसरी स्वतः धरली आणि म्हणाले, ‘‘ओढ.’’

दुकानदार कळवळला. ‘‘बाबूजी, कुर्ता है, रस्सी नहीं!’’

‘‘आप घबराइए मत,’’ काका म्हणाले, ‘‘फट गया तो आपका फायदा है. आपको मालूम पड़ जाएगा.’’

कुर्ता फाटला नाही. काकांनी तो घेतला आणि शिवाय त्या माणसाचं अभिनंदन केलं. त्या दुकानासमोरून मी अजून मान खाली घालून जाते.

पण माझ्या मावसबहिणीच्या, वैशालीच्या लग्नाची गोष्ट याच्याही वरताण. मुलगा तिनंच पसंत केला होता. आलोक श्रीवास्तव, इथलाच, लखनौचा. तो पहिल्यांदा घरी आला तो स्कूटरवरून. काकांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. ‘‘चलो, एक चक्कर लगाकर आते हैं,’’ म्हणून मागे बसले. रायबरेली रोडवर स्कूटर जरा वेगात आली, की काका मागून ओरडायचे, ‘‘ब्रेक!’’ पोरगं दचकून ब्रेक दाबायचं. पुन्हा वेग, पुन्हा ‘‘ब्रेक!’’ अर्ध्या तासानं दोघं परतले तेव्हा आलोकच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. काका मात्र खुशीत होते. मावशीला आत नेऊन म्हणाले, ‘‘इतक्या वेळा थांबवलं, एकदाही चिडला नाही. करून टाका.’’

लग्न छान चाललंय. आलोक आजही काकांसमोर स्कूटर काढत नाही.

अशा या माणसाच्या हातात मागच्या डिसेंबरात घरातले दोन वाढदिवस एकदम आले. एक वैशालीच्या धाकट्याचा. ईशान पहिलं वर्ष पुरं करत होता. दुसरा काकांच्या थोरल्या बहिणीचा. ही अक्का परतवाड्याला एकटीच राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिला एक्याऐंशी वर्षं पूर्ण होत होती. माणसानं आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या, की सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतात. तो अक्काचा करायचा, लखनौला करायचा आणि ईशानच्या वाढदिवसाबरोबर एकाच दिवशी करायचा, असं काकांनी जाहीर केलं. ‘‘एका रुळावर दोन गाड्या?’’ मावशी म्हणाली. ‘‘डबे जोडायचे,’’ काका म्हणाले.

अक्काला आणायला गाडी नागपूरहून. तर काका आधी एकदा एकटेच नागपूरला जाऊन त्याच गाडीनं परत आले. डब्याची पायरी किती उंच, खालचा बर्थ संडासापासून किती लांब, लखनौला डबा उताराच्या रस्त्यासमोर थांबतो की पार पुढे, सगळं पाहून आले. मावशीनं विचारलं, ‘‘नागपूरपर्यंत गेलात तर अक्कांना भेटून तरी यायचं!’’

‘‘भेटायला नव्हतो गेलो. ट्रायल होती.’’

घरी आल्यावर ईशानची पाळी आली. पहिल्या वाढदिवसाला मुलं गर्दीला आणि गाण्याला घाबरून रडतात, हे काकांना कुठूनसं कळलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी जमून त्याच्यासमोर वाढदिवसाचं गाणं म्हणायचं. पहिल्या दिवशी कुजबुजत, दुसऱ्या दिवशी जरा मोठ्यानं, असा आवाज पायरीपायरीनं वाढवत न्यायचा. शेवटच्या दिवशी आमचा आवाज इतका वाढला, की वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी काय झालं बघायला धावत खाली आली. ईशान शांतपणे अंगठा चोखत होता. त्याची दहा वर्षांची बहीण पिहू, जिला मराठी सगळं कळतं पण जी उत्तर हिंदीतच देते, ती कानांवर हात ठेवून म्हणाली, ‘‘आजोबा, ईशान तो ठीक है, हम लोग बहरे हो जाएँगे.’’

आणि मग औक्षणाची ट्रायल. कणकेच्या एक्याऐंशी दिव्यांनी अक्काला ओवाळायचं होतं. आता एवढे दिवे एका ताटात मावतात का, ताट उचलवतं का, तूप किती वेळ पुरतं, हे कळायला नको? त्यासाठी अक्काच्या जागी कोणीतरी बसायला हवं. मावशीनं नकार दिला, मी तर ताट धरणारी. काका गेले आणि शेजारच्या मिश्राजींना घेऊन आले. मिश्राजी अक्काच्या बांध्याचे आहेत, असा त्यांचा दावा. त्यांना खुर्चीत बसवलं, अंगावर मावशीची शाल घातली, कपाळाला कुंकू लावलं आणि एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. एकदा पंखा लावून ओवाळलं, तर दिवे विझले. पंखा बंद करून ओवाळलं, तर मिश्राजींना घाम फुटला. ताट जरा लांब धरून ओवाळलं, तर माझे हात भरून आले. शेवटी ताट चौरंगावर ठेवायचं आणि छोट्या निरांजनानं ओवाळायचं ठरलं. मग तसंही एकदा ओवाळून पाहिलं.

मिश्राजी हलले नाहीत की बोलले नाहीत. शेवटी फक्त म्हणाले, ‘‘भाई साहब, इतनी आरती तो हमारी शादी में भी नहीं हुई थी.’’

दुसऱ्या दिवशी मिश्राइनजी तक्रार घेऊन आल्या. एवढं ओवाळून घेतल्यापासून नवरा चहाचा कपसुद्धा उचलून ठेवायला तयार नव्हता.

समारंभाच्या दोन दिवस आधी आलोकबरोबर अक्का आली. लहानखुरी, पांढरं सुती लुगडं, डोळ्यांवर जाड चष्मा. धुक्यानं गाडीला दिवसभर उशीर झाला होता, पण बाई टवटवीत. फाटकातून आत आली आणि अंगणात उभ्या असलेल्या काकांच्या कुर्त्याची कॉलर नीट करून म्हणाली, ‘‘काय रे बाळ्या, वाळून राह्यला का?’’ काका आपल्या ढेरीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘नाही ना व अक्का. जेवतो मी.’’

आम्ही सगळे गार. ज्यांना कॉलनीत माणसं ‘सर’ म्हणून रस्ता देत, त्या माणसाला कोणी बाळ्या म्हणतं आणि तो वऱ्हाडीत उत्तर देतो! पिहूला तर हसू आवरेना. ‘‘मम्मी, आजोबा का नाम बाळ्या है?’’

ते दोन दिवस काका अक्काच्या मागे मागे होते. तिच्या खुर्चीची परीक्षा तर झालीच, पण पाणी किती गरम, गादी किती मऊ हेही पाहून झालं. बाथरूममध्ये धरायला लावलेला नवा दांडा किती वजन झेलतो हे दाखवायला ते स्वतः त्या दांड्याला लोंबकळले. अक्का म्हणाली, ‘‘खाली उतर. पडशीन.’’ ते उतरले.

रविवार उजाडला तो दाट धुकं घेऊनच, पण अकराच्या सुमारास ऊन पडलं. गच्चीत मांडव, खाली हॉलमध्ये औक्षण. मिश्रा पतिपत्नी, आलोकचे आईवडील, मानक नगरमधले जुने सहकारी, सगळे जमले. वीज गेली तर काय, गॅस संपला तर काय, केक उशिरा आला तर काय, सगळ्याची सोय काकांनी केलेली. फक्त ज्याच्यासाठी एवढं गाणं घोटलं, तो ईशान पाहुणे यायच्या आधीच गाढ झोपला. कोणाची त्याला उठवायची छाती होईना. ‘‘असू दे,’’ वैशाली म्हणाली, ‘‘आधी आत्याचं करून घेऊ.’’

चौरंगावर एक्याऐंशी दिवे लागले. बघणाऱ्यांच्या तोंडून ‘वाह’ निघालं. अक्काला फिकट जांभळं नवं लुगडं नेसवून खुर्चीत बसवलं होतं. वैशालीनं निरांजनाचं ताट उचललं, मी अक्षता घेतल्या, मावशी कुंकवाची कोयरी घेऊन पुढे झाली. आणि अक्का उठली.

‘‘झालं ना? छान दिसून राह्यले दिवे. आता त्या पोराले आणा.’’

‘‘आत्या, बसा ना,’’ वैशाली म्हणाली. ‘‘तुम्हालाच तर ओवाळायचंय.’’

‘‘मले कायले? मी पाहतो ना इथून.’’ अक्का भिंतीशी जाऊन उभीसुद्धा राहिली. मावशीनं हात धरला, तर हळूच सोडवून घेतला. चेहरा हसराच होता, पण पाय तिथून हलेनात. ‘‘मले वाटलं, हे दिवे देवासाठी होय. माह्यासाठी कायले? आपल्यात विधवा बाईले ओवाळत नसते.’’

ज्यांना मराठी येत नव्हतं, त्यांनाही काहीतरी अडल्याचं कळलं. मिश्राइनजींनी मला हळूच विचारलं, ‘‘क्या हुआ बेटा?’’ मला हिंदीत काय सांगावं सुचेना. आलोकची आई मात्र समजल्या असाव्यात. त्यांनी मान खाली घातली.

मी काकांकडे पाहिलं. ते एकदा दिव्यांकडे, एकदा अक्काकडे बघत होते. मग वळले आणि आत निघून गेले. मावशी पुटपुटली, ‘‘बीपीची गोळी घ्यायला गेले असतील.’’

ते परत आले तेव्हा हातात देवघरातला पाट होता. तो त्यांनी दिव्यांसमोर ठेवला आणि त्यावर बसायला लागले. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना जमिनीवर बसायला सक्त मनाई केलेली आहे. एक हात भिंतीला, एक आलोकच्या खांद्याला असं करत, कण्हत कण्हत ते खाली गेले आणि मांडी न जमल्यानं एक पाय लांब सोडून बसले.

‘‘अक्का, ताट घे.’’

‘‘काहून?’’

‘‘मले ओवाळ.’’

‘‘तुहा वाढदिवस फेब्रुवारीत राह्यते.’’

‘‘राहू दे. तू ओवाळ.’’

अक्का भिंतीपासून हलली नाही. म्हणाली, ‘‘बाळ्या, सगळ्यांसमोर काय लहान पोरासारखं करतं? त्या वर्षी बी असाच. पाटावरून उठून गेला होता.’’

‘‘मग आता बसलो ना,’’ काका म्हणाले. ‘‘तवाचा आता बसलो.’’

कोणत्या वर्षी, हे मला माहीत नव्हतं. मावशीला माहीत होतं आणि तेही अगदी अलीकडे कळलेलं. तिनं माझ्या कानाशी थोडक्यात सांगितलं. काकांची आई ते लहान असतानाच गेली. त्यांना वाढवलं ते अक्कानं. दर वाढदिवसाला तीच न्हाऊ घालायची, तीच ओवाळायची. लग्न होऊन सासरी गेली तरी त्या दिवसापुरती यायची. मग तापाचं निमित्त होऊन तिचा नवरा गेला आणि ती कायमची माहेरी आली. त्या वर्षीही तिनं शिरा केला, ताट तयार केलं, पाट मांडला. पण ताट उचलायला गेली, तर चुलतीनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. ‘‘तू नको आता. शुभकार्य आहे.’’ काका तेव्हा शाळेत होते. दुसराच हात आपल्याकडे येताना दिसला आणि ते पाटावरून उठले ते घराबाहेरच गेले. दिवसभर जेवले नाहीत. त्यानंतर ओवाळून घ्यायला पाटावर बसले ते लग्नाच्या विधीत बसावं लागलं तेवढंच. मावशीनं लग्नानंतर पहिल्या वर्षी हौसेनं ताट केलं, तर म्हणाले, ‘‘मला आवडत नाही हे.’’ ती बिचारी इतकी वर्षं समजत होती, की इंजिनिअर माणूस, याला असल्या गोष्टींचं वावडं आहे.

अक्का भिंतीशी उभी. काका पाटावर. दिवे जळत होते. शेवटी पिहू उठली. तिनं वैशालीच्या हातातून ताट घेतलं, अक्काजवळ गेली आणि म्हणाली, ‘‘दादी, कर दो ना प्लीज. उनका पैर दुख रहा है.’’

अक्कानं एकदा पिहूकडे पाहिलं, एकदा काकांच्या त्या लांब सोडलेल्या पायाकडे. आणि ताट घेतलं.

पिहूनं खालून ताटाला हात लावला. अक्कानं कुंकू घेतलं आणि बोट काकांच्या कपाळावर टेकवून थांबली. कपाळ टकलापर्यंत गेलेलं. ‘‘कुठवर लावू रे बाळ्या? संपतच नाही हे.’’

हॉलमध्ये जे हसू फुटलं, त्यात सगळ्यांनी आपापले डोळे पुसून घेतले. मिश्राइनजींनी तर पदरच लावला. अक्कानं ओवाळलं. एकदा उलटं फिरवलं, मग ‘‘चुकलं वाटते,’’ म्हणून सुलटं फिरवलं. अक्षता टाकल्या त्यातल्या निम्म्या काकांच्या चष्म्यावर अडकल्या. काका डोळे मिटून बसले होते. तिनं साखर पुढे केली, तेव्हा त्यांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं.

साखर खाऊन ते आमच्याकडे वळले. आवाज पुन्हा साहेबांचा झाला होता. ‘‘बघता काय? चला, आता तिला.’’

अक्कानं ताट पिहूच्या हातात दिलं. जाऊन खुर्चीत बसली, लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिली. आम्ही तिला ओवाळलं. वैशालीनं, मावशीनं, मी. मग आलोकची आई पुढे आल्या. त्यांचीही एक बहीण आहे, नवरा गेल्यावर तिलाही काही घरांत मागेच उभं राहावं लागलं, असं त्या नंतर वैशालीला म्हणाल्या. मग मिश्राइनजी. पिहूनं तर दोनदा ओवाळलं. अक्का प्रत्येकीकडे बघून मान हलवत होती, जशी शाळेत पोरांची हजेरी घेताना हलवत असेल. ईशान त्या सगळ्या गोंधळात सोफ्यावर घोरत होता.

लोक वर जेवायला निघाले. काका अजून पाटावरच. मला वाटलं, उठता येत नाहीये. मी हात पुढे केला.

‘‘थांब जरा,’’ ते हळू म्हणाले. ‘‘बसू दे.’’

मी हात मागे घेतला आणि वर पुऱ्या वाढायला गेले.

अक्काचं परतीचं तिकीट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातलं होतं. धुक्यानं गाड्या रद्द झाल्या, म्हणून ते पुढे गेलं. मग धुकं सरलं. ऊन पडायला लागलं, लोक स्वेटर काढून ठेवायला लागले, तरी काकांच्या मते गाड्या अजून भरवशाच्या नव्हत्या. आयुष्यभर रेल्वेत काढलेला माणूस. त्याच्या तोंडून रेल्वेची एवढी निंदा आम्ही प्रथमच ऐकत होतो. अक्काही वाद घालेना. मिश्राइनजींबरोबर गच्चीत बसून मटार सोलायची, ती वऱ्हाडीत बोलायची, त्या इकडच्या अवधी बोलीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. ईशान तिच्या लुगड्याला धरून उभं राहायला शिकला.

फेब्रुवारीत एका सकाळी मावशीचा फोन आला. ‘‘बँकेत जायच्या आधी येऊन जा. आज यांचा वाढदिवस आहे.’’

मी पोचले तेव्हा फाटक उघडंच होतं. स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास येत होता. हॉलमध्ये पाट मांडलेला, बाजूला ताट तयार, आणि पाटावर अप्पाकाका. न्हालेले, पांढरा कुर्ता, डोक्यावर टोपी, एक पाय लांब सोडलेला.

‘‘केव्हाचे बसलेत,’’ मावशी आतून म्हणाली. ‘‘अक्का अजून उठायच्यात.’’

‘‘मग उठवू का त्यांना?’’ मी विचारलं.

काकांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं.

‘‘झोपू दे तिला,’’ ते म्हणाले. ‘‘मला काही घाई नाही.’’